परवानगी मागणारा नट

शोकसभेत शिट्ट्या वाजलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्या. पांढरकवड्याच्या सभागृहात अंबादास नगराळे यांचा फोटो टेबलावर ठेवला होता, फुलं वाहून झाली होती, सगळे उभे राहून स्तब्ध झाले होते आणि पुन्हा खाली बसले होते. मग आयोजकांनी दिवे मालवले आणि भिंतीवर चित्रफीत लावली. तिच्यात अंबादासभाऊ एका बंगल्यातले नोकर झाले होते. हातात बादली, अंगात चट्ट्यापट्ट्यांची चड्डी. साबणाच्या पाण्यावरून ते घसरले, आपटले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आता माह्यं कसं व्हईन जी?" सभागृह खदखदून हसलं. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. दिवे लागले तेव्हा अध्यक्ष डोळे पुसत होते, आणि ते पाणी हसून आलेलं होतं. "असे हे आपले विनोदवीर," ते म्हणाले, "जाताना सुद्धा आपल्याला हसवून गेले."

मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. हौशी नाटकांतून कित्येक वर्षं मी त्यांची बायको झाले होते, म्हणून तो मान. मी हात हलवून नको म्हटलं. तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं ते शोकसभेत शोभलं नसतं. घरी येऊन चहासुद्धा न करता लिहायला बसले आहे. ते विनोदी नट नव्हते. ज्यांनी त्यांना विनोदी केलं, त्यांत मुंबईचे लोक होते हे खरं, पण शेवटचा हात आपण फिरवला. आपण म्हणजे तुम्ही आणि मी, पांढरकवडा, मारेगाव, आर्णी, यवतमाळ. कोणाला हे वाचून राग आला तर येऊ द्या. माझा तर आलेलाच आहे.

अंबादासभाऊ मारेगावजवळच्या एका खेड्यातले. आई लहानपणीच गेलेली, थोरल्या बहिणीने आपल्या संसारात वाढवलेलं. तिचं नाव शांताबाई, पण ते तिला नुसतं 'बाई' म्हणत. गावात चौदा एप्रिलच्या जयंतीला तरुण मंडळी नाटक बसवायची, त्यात त्यांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. पुढे हिवताप विभागात फवारणीचं काम मिळालं. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि तालुक्यातल्या प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीत शिरायची सरकारी मुभा. नटाला याहून चांगली नोकरी मिळणार नाही, असं ते म्हणत. "लोकं पाहुन्यासमोर येगळे बसते, मॅडम. फवारनीवाल्यासमोर जसे हाये तसेच बसते. त्याले कोन माणसात धरते?"

माझी-त्यांची ओळखही अशीच झाली. मी नव्याने इथल्या शाळेत लागले होते, भाड्याच्या घरात राहत होते. दारात पंप घेऊन उंच, काळासावळा, हाडकुळा माणूस उभा. "मॅडम, भांडे झाका." मी स्वयंपाक मांडलेला, मी चिडले. आधी सांगायचं नाही का, म्हणून ताडताड बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, भिंतींवर फवारा मारला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "राग आला की तुमी पदर खोचता अन् मंग बोलता. आंधी पदर, मंग तोंड. आमच्या नाटकात बायकोचं काम करता का?" मी दार आपटलं. पुढच्या आठवड्यात तालमीला गेले.

तालमी शाळा सुटल्यावर शाळेच्याच सभागृहात व्हायच्या. भाऊंची तिथे सगळ्यांना धास्ती असे. ते कधी कोणाची वाहवा करत नसत. तुम्ही एखादा प्रसंग जीव तोडून केलात, की ते एवढंच विचारायचे, "कोनाचं घेतलं?" म्हणजे हे बसणं, हे खोकणं, हे मान वळवणं कोणत्या माणसाकडून उचललं. "माझ्याच मनाचं आहे," असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा. "मंग कच्चं हाये." त्यांच्या मते माणूस मनातून काही काढू शकत नाही. आधी कोणाकडून तरी घ्यावंच लागतं.

आणि घेतलं तर विचारून घ्यावं लागतं. हा त्यांचा हट्ट मी दुसऱ्या कोणत्याही नटात पाहिला नाही. ज्याची चाल घ्यायची त्याच्या घरी ते जायचे, चप्पल बाहेर काढून ठेवायचे आणि सरळ विचारायचे, "तुमी चालता ते मले नाटकात पाह्यजे. घेऊ का?" बहुतेक लोक गोंधळून हसायचे आणि घ्या म्हणायचे. पांढरकवड्याच्या पलीकडे जंगलाकडेला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा, होता. तिथल्या एका म्हाताऱ्याची गप्प बसायची तऱ्हा त्यांना हवी होती. प्रश्न विचारला की तो म्हातारा आधी लांब झाडांकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा, आणि कधी कधी द्यायचाच नाही. आपण काय मागतो आहोत हे त्याला समजावता समजावता भाऊंची अर्धी सकाळ गेली. शेवटी म्हाताऱ्याने लांब झाडांकडे पाहिलं आणि मान हलवली. "भेटली परवानगी," भाऊ परत येऊन म्हणाले. एवढे खूश झालेले मी त्यांना क्वचितच पाहिलं.

पण एकाने नाही म्हटलं. आम्ही स्पर्धेसाठी एक नाटक बसवत होतो, त्यात भाऊ गावच्या पुढाऱ्याचं काम करत होते. हायवेवरच्या एका ट्रकमालकाची सवय त्यांनी टिपली होती. तो माणूस कुठेही बसताना आधी स्वतःचा खिसा चाचपायचा, मग समोरच्याचा खिसा बघायचा आणि मग खुर्ची. तालमीत भाऊंनी ते केलं तेव्हा आमचा दिग्दर्शक नाचायचाच बाकी राहिला. स्पर्धा तोंडावर आली, आणि भाऊ गेले परवानगी मागायला. ट्रकमालक भडकला. "माहा तमाशा करता काय बे?" म्हणाला, आणि आणखी जे म्हणाला ते जातीवर गेलं. भाऊ परत आले ते ती लकब टाकूनच. दिग्दर्शकाने कपाळ बडवलं. "अरे, त्याला कळणार तरी आहे का? तो नाटकाला येतो कधी?" भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी घातली, पुन्हा घडी घातली. राग आला की ते फार सावकाश व्हायचे आणि अतिशय शुद्ध बोलायचे. "आपण म्हणता ते बरोबर असेल. पण ज्याने नाही म्हटलं त्याचं मी घेणार नाही." नाटकाला काही मिळालं नाही. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, आणि ट्रकमालकाचा जास्त आला होता.

फवारणीतून निवृत्त झाले आणि ते मुंबईला गेले. लग्न केलेलं नव्हतं, मागे ओढणारं कोणी नव्हतं. ओळखीच्या एका नाटकवाल्याने बोलावलं. तिथे त्यांनी काय काय केलं ते विचारू नका. हवालदार झाले, कोतवाल झाले, नायिकेच्या बापाकडे कर्ज मागायला येणारा खेडूत झाले. एकदा तर फक्त फोटो झाले. एका मालिकेत घरातले मेलेले आजोबा हवे होते. यांचा फेटा बांधून फोटो काढला, चंदनाचा हार घातला आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगला. ती मालिका चालली बरीच. सुना त्या फोटोसमोर उभ्या राहून रडायच्या, कट करायच्या, शपथा घ्यायच्या. शांताबाईंनी तो फोटो शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला आणि शेजाऱ्यांच्याच मोबाईलवरून भावाला फोन लावला. "तू हायेस ना?" "हाओ, बाई." "मंग जित्या मानसाले हार कायले घातला त्याइनं?" भाऊ मला हे सांगताना हसले होते. बाई मात्र तो फोटो दिसला की शेजाऱ्यांकडे टीव्ही बंद करायला लावायच्या.

मग ती दुसरी मालिका आली. भूमिका सांगितली होती ती अशी: बंगल्यातला जुना माणूस, मालकाला अंगाखांद्यावर खेळवलेलं, घरातला सगळ्यांत शहाणा. आणि बोलणार वऱ्हाडी. भाऊंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज तरुण झाला होता. "रोज संध्याकाई घराघरात आपली बोली जाईन, मॅडम. लोकं जेवता जेवता आयकतीन. शहान्या मानसाच्या तोंडून." हे त्यांनी खरंच मानलं होतं. चूक कोणती झाली असेल तर ती ही.

पहिल्या काही दिवसांतच ते चित्रीकरणाच्या जागी खरोखरचे वायरीत पाय अडकून पडले. हातातला ट्रे उडाला, कपबशा फुटल्या, आणि आपल्याकडे कोणाच्याही तोंडून जे निघेल तेच त्यांच्या तोंडून निघालं, "आता माह्यं कसं व्हईन जी!" सगळं युनिट लोळून हसलं. कॅमेरा चालू होता. तो तुकडा तसाच दाखवला. लोकांना आवडला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जिन्यावरून पाडलं. तिसऱ्यात हौदात. शहाणा जुना माणूस कुठे गेला ते कोणी विचारलं नाही. त्याच्या जागी चट्ट्यापट्ट्यांची चड्डी आली.

इथे मला थोडं थांबून बोलायचंच आहे. पडद्यावर आपली बोली कोण बोलतं ते एकदा डोळे उघडून बघा. नोकर बोलतो, वॉचमन बोलतो, दारू पिऊन नाल्यात पडणारा मामा बोलतो. नायक प्रेमात पडला की त्याची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ होते. नायिकेची आई गेली तर ती पुण्याच्या मराठीत रडते. 'मले' म्हणणाऱ्या माणसाला आई असते, ती मरते, आणि तेव्हा तोही आपल्याच बोलीत रडतो, हे या लोकांच्या गावीच नाही. आणि त्यांना बोलून तरी काय उपयोग? आमच्या शाळेतल्या बाईच घरी 'काहून' आणि वर्गात 'का बरं' म्हणत. पोराने 'मले' लिहिलं की लाल रेघ. लाल रेघ मारणाऱ्यांच्या गावात ती मालिका सगळ्यांत जास्त बघितली गेली.

भाऊ सुट्टीत घरी यायचे तेव्हा बसस्टँडवर पाय ठेवायची सोय राहिली नव्हती. आर्णीला एका चहावाल्याने त्यांचा कपाळाला हात लावलेला फोटो पाटीवर रंगवून घेतला होता. न विचारता, अर्थात. भाऊंनी तिथला चहा सोडला.

आता शांताबाईंबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांचे यजमान तुळशीरामजी काही वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नव्हतं. तुळशीरामजी ओसरीत एका बाजेवर बसायचे. ते गेल्यावर बाईंनी बाज हलवली नाही. दिवस कलला की त्या सूप घेऊन समोर बसायच्या, तूर निवडायच्या आणि बाजेकडे बघून बोलायच्या. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आत कोणी बसलं आहे. "काहो, बकरीनं दोन पिल्लं देल्ले. एक निरं तुमच्यावानी हाये, उठूउठू पाहात नाई." मग थोडं थांबायच्या, जणू उत्तराला जागा ठेवायच्या. "पांदनीत मुरूम टाकला आता. तुमी होते तवा कोनी टाकला नाई, अन् आता कोन जाते तिकडून?" रडणं नाही, गळा काढणं नाही. भांडणसुद्धा व्हायचं मधूनमधून. सूप उचलायच्या आधी शेवटी एकच विचारायच्या, "आता माह्यं कसं व्हईन?" गावात विहारात नेमाने जाणारी काही मंडळी त्यांना समजावून गेली, की बाई, आपल्यात हे असं मानत नाही, माणूस गेला की गेला. बाईंनी सूप खाली न ठेवता सांगितलं, "मी काई पूजा करून राह्यली का? बोलून राह्यली. जित्यापनी बोल्ली, ते मानत होते काय तुमच्यात?" मंडळी चहा पिऊन गेली.

नागपूरचा एक तरुण दिग्दर्शक भाऊंकडे आला तो या सगळ्याचं काही माहीत नसताना. त्याच्याकडे एका विधुर म्हाताऱ्याची गोष्ट होती. सगळी वऱ्हाडीत, आणि कुठे घसरून पडणं नाही. चित्रीकरण आर्णीजवळच्या एका खेड्यात होणार होतं. भाऊंनी मालिका सोडली. करारावरून मुंबईत आरडाओरडा झाला म्हणतात. मला त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "येता का गावाले? बाईले एक विचाराचं हाये. तुमी असल्या त बरं."

आम्ही तिघं ओसरीत बसलो. भाऊंनी चप्पल दाराबाहेर काढली होती. सख्ख्या बहिणीच्या घरी, जिथे ते लहानाचे मोठे झाले तिथे, आणि तरी चप्पल बाहेर. "बाई," ते म्हणाले, "तू भाऊजीशी बोलतं, ते मले पाह्यजे. सिनेमात घेऊ का?"

बाईंचं निवडणं थांबलं. दोन्ही हात सुपात तसेच. मग म्हणाल्या, "हे काई नाटक नाई, अंबादास."

"म्हून त विचारून राह्यलो."

"घे मंग. तुले नाई कसं म्हनू? पन कोनी हासलं नाई पाह्यजे. मी काई येडी नाई."

"नाई हासनार."

"कोनाच्या भरोशावर म्हनतं?"

"माह्या."

हा शब्द त्यांनी माझ्यासमोर दिला. तो पाळणं त्यांच्या हातात नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि त्यांना सुचलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी मी गेले होते. रिकामी बाज, सूप, तूर. भाऊ बसले आणि बोलायला लागले. आता ते म्हातारे विधुर होते आणि बाज बायकोची होती, पण बोलण्यातल्या जागा सगळ्या शांताबाईंच्या होत्या. कुठे थांबायचं, कुठे खडा बाजूला टाकायचा, कुठे उत्तर न आल्याचा राग धरायचा. शेवटी ते म्हणाले, "साऱ्याइचं पाहून झालं तुह्यं. आता माह्यं कसं व्हईन?" दिवे धरणारा माणूस हातातला दिवा तसाच धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दिग्दर्शकाने कट म्हणायलाही वेळ लावला. मग तो भाऊंजवळ येऊन हळू म्हणाला, "दादा, ते शेवटचं वाक्य काढायचं का? लोकांना मालिका आठवेल."

भाऊंनी दुपट्ट्याची घडी घातली. "ते वाक्य माझ्या बहिणीचं आहे. मालिकेने वापरून वापरून त्याचं पोतेरं केलं, म्हणून मी ते तिथेच सोडून देऊ? मी ते परत आणायला आलो आहे." वाक्य राहिलं.

चित्रपट यवतमाळला लागला तेव्हा भाऊंनी गावातून एक जीपगाडी ठरवली. दुपारचा खेळ. शांताबाई आयुष्यात पहिल्यांदा चित्रपटगृहात येत होत्या. पांढरी धुवट साडी, निळे काठ, हातात भिजवलेल्या रुमालात बांधलेली पानं. त्या माझ्या आणि भाऊंच्या मध्ये बसल्या. थिएटर भरलं होतं, आणि सगळे आपलेच लोक. मला इतकं बरं वाटलं होतं की सांगता येत नाही.

पडद्यावर भाऊ आले आणि त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर हशा. मला वाटलं, ओळखीचा चेहरा दिसला म्हणून असेल, बसेल. बसला नाही. 'काहून' म्हटलं की हशा, 'मले' म्हटलं की हशा. ज्यांच्या घरी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दुसरा शब्द नसतो ते हसत होते. माझ्या पुढच्या रांगेतली बाई मघाशी नवऱ्याला म्हणाली होती, "कायले पंखा बंद केला इथं?" ती तोंडाला पदर लावून हसत होती. बाजेचा प्रसंग सुरू झाला. बकरीची पिल्लं आली आणि हशाचा नुसता लोंढा आला. शांताबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हे कायले हासून राह्यले?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

मग ते वाक्य आलं. पडद्यावर भाऊंनी विचारलं, "आता माह्यं कसं व्हईन?" आणि आख्ख्या थिएटरने एका सुरात पुढचं पूर्ण केलं, "जी!" टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. त्या गोंधळात बाई अगदी हळू म्हणाल्या, मला म्हणाल्या की स्वतःला ते कळलं नाही, "मी बोलतो तवा असंच दिसते का?"

भाऊंनी ते ऐकलं. ते उठले, रांग ओलांडून गेले आणि बाजूचं मोठं दार त्यांनी सताड उघडलं. यवतमाळची दुपारची उन्हं आत घुसली, पडदा फिका पडला. "बत्ती लावा," ते ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "बत्ती लावा अन् आता हासा! एकमेकाच्या तोंडाकडे पाहून हासा! आपल्या मायच्या तोंडाकडे पाहून हासा, बेशरमहो!" आवाज फाटला त्यांचा.

मग कोणीतरी ओळखलं. "अबे, तो पाह्य, खराखुरा आला!" आणि थिएटर उभं राहिलं. लोकांना वाटलं, ही जाहिरातीची काही तऱ्हा आहे. मोबाईल वर झाले. "काका, एक डाव म्हना!" भाऊ दारात उन्हात उभे, आणि त्यांच्याभोवती त्यांच्याच जिल्ह्यातली माणसं टाळ्या वाजवत उभी. त्यांच्या रागालासुद्धा टाळ्या पडल्या. एवढा अपमान मी कोणाचा होताना पाहिलेला नाही. पुढे एका वर्तमानपत्रात आलं की वैदर्भी बोलीच्या खुमासदार फोडणीने प्रेक्षकांना खळखळून हसवलं. तो कागद मी चुलीत घातला.

जीप आम्हाला घेऊन परत निघाली. गावात उतरल्यावर बाई आत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

भाऊ मुंबईला परत गेले नाहीत. फोन यायचे, ते शुद्ध मराठीत नकार द्यायचे आणि ठेवायचे. गावातच राहिले, बहिणीच्या घरी. मारेगावला बाजारात कोणी हाक मारून ते वाक्य म्हटलं तर तिथेच थांबून त्याच्याकडे बघत उभे राहायचे, तो ओशाळून निघून जाईपर्यंत. मला ते फोनवर कधी चित्रपटाबद्दल बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "मॅडम, मी शब्द देल्ला होता."

शेवटचं त्यांना पाहिलं ते हिवाळ्यात. मारेगावला लग्न होतं, तिथून मी त्यांच्या गावी गेले. ऊन उतरलं होतं. शांताबाई ओसरीत तूर निवडत होत्या, समोर बाज होती. सुपाचा तेवढा आवाज. मी बसले, पाणी आलं, त्यांनी माझी चौकशी केली आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या. भाऊ मला अंगणात बाजूला घेऊन गेले. फार वाळले होते. "बोलत नाई आता," ते म्हणाले. "माह्याशी बोलते, तुमच्याशी बोलते. तिकडे नाई बोलत. सिनेमा पाह्यला तवापासून एक शब्द नाई. मी म्हनलं, बाई, मी वावरात जाऊन बसतो, तू बोल. त म्हन्ते, कोनी आयकन." त्यांनी तोंड फिरवलं. "बोलाचं तेवढं एक घर होतं तिचं. ते मी मोडलं."

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकली थांबल्या. आर्णीकडची तरुण पोरं होती, नीटनेटकी, केस वळवलेली. त्यांना कोणीतरी घर दाखवलं होतं. "काका, लय दुरून आलो. एक डायलॉग मारा ना. बस एक." भाऊ ओसरीच्या पायरीपर्यंत मागे आले आणि वळून म्हणाले, "आपण कृपा करून इथून निघावं." त्यांचं ते शुद्ध बोलणं ऐकून पोरांना आणखीच गंमत वाटली. एकाने मोबाईल समोर धरला. "चालू हाये काका, म्हना."

सूप जमिनीवर आदळलं. तूर ओसरीभर उडाली. शांताबाई उठल्या नव्हत्या, बसल्या जागेवरूनच बाजेकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आयकून राह्यले का जी?" त्या कडाडल्या. "पाहा कोन आले ते! तुमच्या साळ्याले नाचवाले आले. आपल्या अंगनात येऊन नाचवून राह्यले त्याले, अन् तुमी तिकडे निवांत पडले! कोनाकोनाले हाकलू मी एकटी? दोन साल झाले, या दाराची कडी बसत नाई, सांगू सांगू थकली. तुमाले कधी आयकू आलं माह्यं?"

एका पोराच्या तोंडावर हसू आलं होतं. दुसऱ्याने त्याचा दंड धरला. मोबाईल खाली गेला. कोणी गाडीही सुरू केली नाही, फाटकापासून ढकलतच रस्त्यापर्यंत नेल्या.

भाऊ पायरीवर उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. "आयकून राह्यलो, बाई," ते कसेबसे म्हणाले.

"तुले कोन बोल्लं?" बाई त्यांच्यावर खेकसल्या. "सरक तिकडे. मंधात उभा राह्यला."

अंबादासभाऊ बाजूला सरकले. बाईंना बाज नीट दिसू लागली, आणि त्या पुढचं बोलायला लागल्या.